पंकजचं एका बाजूचं तिकीट

माझा भाऊ पंकज म्युनिकला वारला. तेरवी झाली, वर्षश्राद्ध झालं, पण विमान कंपनीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "प्रिय पंकज, तुम्ही आमच्यासोबत प्रवास करून बरेच दिवस झाले," असं ती दर महिन्याला त्याला लिहायची. त्याचा फोन कपड्यांच्या खोक्यातून परत आला होता. आईनं तो माझ्याकडे दिला, कारण तो वाजला की तिच्या हातातलं काम गळून पडायचं. मी पांढुर्ण्याला शाळेत शिकवते. पाढे चालू असताना पर्समध्ये तो फोन थरथरायचा. काढून पाहावं तर काय, माइल्सवर, म्हणजे विमानप्रवासाच्या पॉइंटांवर, दुप्पट बोनस! मेलेल्या माणसाला बोनस देणारी ही जगातली एकच कंपनी असेल, असं मी चिडून म्हणायचे. पण फोन बंद मात्र केला नाही. माझा भाऊ अजून जिवंत आहे असं मानणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

आमची आई, उषा, सौसरला एकटी राहते. बाबा आधीच गेले. पंकजच्या अस्थी त्याच्या ऑफिसातल्या एका मुलानं आणल्या, त्या आम्ही रामाकोन्याला कन्हान नदीत सोडल्या. नातेवाईक आपापल्या घरी गेले आणि सगळ्यांच्या लेखी प्रकरण संपलं. आईच्या लेखी संपलं नाही.

"हाडं आली," ती म्हणायची. "पंकज कुठी आला?"

आमच्या घराण्यात एक रीत आहे. माणूस परगावी मेला तर नुसत्या अस्थी आणून भागत नाही, माणसालाही आणावं लागतं. घरातल्या कुणीतरी तिथं जायचं, नावानं हाक मारायची, लाल फडक्यात बांधलेला नारळ उचलायचा आणि तिकीट काढून घरी यायचं. तिकिटं दोन, एक आपलं आणि एक त्याचं. नारळ मांडीवर घ्यायचा नाही, त्याच्या जागेवर ठेवायचा. माझ्या आजोबांनी थोरल्या काकांना इटारसीहून पॅसेंजरनं असंच आणलं होतं. गर्दीत एकजण नारळ सरकवून बसायला लागला तेव्हा आजोबा ओरडले होते, "माणूस बसला आहे, दिसत नाही का?" मी लहानपणी हे घाबरत ऐकलं आणि मोठेपणी वेडगळपणा म्हणून सोडून दिलं. आईनं सोडलं नव्हतं.

आता माझ्या नवऱ्याविषयी सांगितलं पाहिजे. श्रीधरचं पांढुर्ण्यात मोटारपंपांचं दुकान आहे, पण त्याचा जीव गुंतलाय तो कार्डाच्या पॉइंटांत. कोणत्या कार्डावर किती पॉइंट, ते कोणत्या विमान कंपनीत फिरवायचे, हे तो बोअरचे पाइप घ्यायला आलेल्या शेतकऱ्यालाही समजावून सांगतो आणि तो बिचारा घासाघीस विसरून निघून जातो. आयुष्यात श्रीधर एकदाच विमानात बसला, नागपूर ते पुणे, पॉइंटांवर. त्या प्रवासाची गोष्ट त्यानं आमच्या लग्नाच्या गोष्टीपेक्षा जास्त वेळा सांगितली आहे. माणूस वाईट नाही. फुकट म्हटलं की त्याचं भान सुटतं, एवढंच.

म्हणून एका रविवारी आई त्याला म्हणाली, "जवाईबापू, पंकजकडे ते माइल्स होते ना? त्यानंच सांगतलं होतं मले," तेव्हा त्याचे डोळे चमकले आणि मला राग आला.

पंकज शेवटची चार वर्षं घरी आला नव्हता. दर फोनवर त्याचं एकच. "आई, माइल्स जमा करून राहिलो. एकदा ढीगभर झाले की तुले मोठ्या सीटवर झोपवून आणतो इकडं." आई म्हणायची, मला झोपून यायचं नाही, तूच बसून ये. यावरून त्यांची कुरबूर व्हायची. शेवटच्या फोनवर तर आईनं रागानं मध्येच फोन ठेवून दिला होता. माइल्स खरंच ढीगभर झाले आणि पंकज बासष्ट पायऱ्यांच्या कुठल्यातरी जुन्या इमारतीत, आपल्या खोलीत, हृदय बंद पडून गेला.

आईचा बेत साधा होता. पंकजच्या माइल्सवर तिनं जायचं, हाक मारायची, आणि दोघांनी यायचं. तिच्या ओसरीवर बसून श्रीधरनं त्या फोनवर पंकजची खाती उघडली. खाती दोन निघाली, दोन वेगळ्या विमान कंपन्यांच्या योजनांची. आई वाटाण्याच्या शेंगा सोलत होती.

"आई, आता पाहा," श्रीधर म्हणाला. "विमान तेच, सीट तेच. पण ह्या खात्यातून तिकीट काढलं त माइल्स कमी लागते, अन् वरून इंधन अधिभार लावते. लय मोठा. त्या दुसऱ्या खात्यातून काढलं त माइल्स जास्ती लागते, पण अधिभार नाही. निस्ते विमानतळाचे कर."

"फुकटच्या तिकिटावर पैसे कायचे?"

"फुकट फक्त बसणं असते आई. बाकी सगळ्याचे पैसे. विमानतळाचे, सुरक्षेचे, इंधनाचे."

आईच्या हातातली शेंग थांबली. "माह्याकडून घ्या म्हणा इंधनाचे. पंकजचं वजन आहे काय आता, की त्याच्यासाठी इंधन लागते?"

मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. श्रीधर मात्र गंभीरपणे म्हणाला, "अधिभार वजनावर नसते आई, माणसामागं असते."

आईचा व्हिसा नाकारला गेला. एकटी बाई, वय झालेलं, तिकडं बोलावणारं कुणी नाही. कारणं त्यांनी नीट दिली होती, त्यांना नावं ठेवता येणार नाहीत. मला वाटलं, चला, विषय मिटला. पण तिसऱ्या दिवशी आईनं श्रीधरलाच फोन केला. मला नाही.

"माह्यं तिकीट राहू द्या," ती म्हणाली. "त्याचंच काढा. तो येईन."

नियम असा आहे की खातेदार गेला की त्याचे माइल्सही गेले. कंपनीला कळवलं की खातं बंद. आणि जिवंत खातेदाराच्या माइल्सवर दुसऱ्याचं तिकीट काढायचं तर त्याची सही लागते. सगळ्यांत सोपं तिकीट पंकजचं स्वतःचंच होतं. नाव भरलेलं, पासपोर्ट भरलेला, खिडकीची सीट आवडते हेसुद्धा भरलेलं. श्रीधर म्हणाला, "निस्तं बटण दाबाचं आहे."

मी आईला विचारलं, "तिथी हाक कोण मारीन?"

"मी इथून मारतो. पोट्टा काही बहिरा नोहोता."

श्रीधरनं दुसऱ्या योजनेतून तिकीट काढलं, अधिभार नसलेल्या. त्याचं कारण त्यानं मला गाडीत सांगितलं. "तो काही बसणार नाही, वृषाली. न बसलेल्या माणसाचे विमानतळाचे कर परत भेटते. पहिल्या योजनेत अधिभार बुडाला असता." आईचं समाधान होईल आणि पैसेही येतील, असा त्याचा हिशेब. मी त्याला म्हटलं, तुम्हाला लाज वाटत नाही का? पण मनातून मलाही ते बरंच वाटलं. तारीख त्यानं गोटमारीची, म्हणजे पांढुर्ण्याच्या दगडफेकीच्या जत्रेची, धरली, कारण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात दुकान उघडायचा प्रश्नच नसतो.

पंकजच्या फोनवर मेल आली. "प्रिय पंकज, तुमचं तिकीट निश्चित झालं आहे. आम्ही तुमची वाट पाहतो आहोत." शाळेतून मी आईला फोनवर एवढं वाचून दाखवलं आणि पुढचं न वाचताच बंद केलं. त्या संध्याकाळी, शेजारणीनं नंतर मला सांगितलं, आई परसात उभी राहिली आणि मोठ्यानं ओरडली, "पंकज! तिकीट काढलं रे! ये आता!" शेजारणीला वाटलं पंकज नावाचं दुसरं कुणी असेल.

गोटमारीला तिकडे जाम नदीच्या दोन्ही काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांना दगड मारत होते, आणि आम्ही सौसरहून आईला घेऊन नागपूरच्या विमानतळावर जाऊन उभे होतो. आईनं नवी साडी नेसली होती. हातात लाल फडक्यातला नारळ. श्रीधर फलकाकडे बोट दाखवून म्हणाला, "मुंबईवरून येणारं हे, आई," आणि चहा घ्यायला निघून गेला. तो दिवसभर जरा लांबच राहत होता. मला वाटलं, त्याला गहिवरून आलं असेल.

दार उघडलं. बॅगा ओढत माणसं यायला लागली. आई प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहायची, मग त्याच्या मागे, जिथं कुणी नसायचं तिथं पाहायची. "पंकज," तिनं हळू हाक मारली. मग मोठ्यानं. पहारेकऱ्यानं विचारलं, "माताजी, किसको लेना है?"

"लड़के को."

"फोन लगाइए ना."

"फोन इसके पास है," माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, आणि पुन्हा दाराकडे वळली.

सगळे निघून गेले. एक बाई बॅगेचं चाक तुटलं म्हणून भांडत होती, तीही गेली. पुढचं विमान आलं, त्याचेही सगळे गेले. आई म्हणाली, "नाही आला."

"आई, तो काय असा दिसणार आहे?"

"मायले समजते, वृषाली."

परतताना ती मागच्या सीटवर होती आणि नारळ तिच्या शेजारी. सावनेरपाशी मी आरशात पाहिलं, तर तिनं तो उचलून मांडीवर घेतला होता. शेजारची जागा मोकळी होती. श्रीधरनंही ते पाहिलं असावं, कारण त्यानं गाडीतला पंखा वाढवला.

त्यानंतर आई खचली. पंकज मेल्यावर ती इतकी खचली नव्हती. तेव्हा तिला करायला काम होतं, त्याला आणायचं होतं. आता तिनं त्याचं नाव घेणंच सोडलं. मी रविवारी जायचे तर भाताचं एकच पातेलं, तेही सकाळचं. फोटोला हार नाही. एकदा मी ओरडलेच तिच्यावर, की अशानं तूही जाशील. ती शांतपणे म्हणाली, "जिता होता तवा आला नाही. तिकीट धाडलं तरी आला नाही. मी त्या दिवशी फोन आपटला ना, त्याचा राग आहे त्याले. त्याले माह्याकडे यायचंच नाही." मी भूतंखेतं मानत नाही, पण जन्मभर आई हेच धरून बसणार आणि हेच घेऊन जाणार, हे मला दिसत होतं. मला रात्रंदिवस त्याचाच घोर लागला.

दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आधी, शाळेत उत्तरपत्रिका तपासत बसले होते, तेव्हा फोन थरथरला.

"प्रिय पंकज, कर परत मिळण्याबाबतची तुमची विनंती आम्ही तपासली. या तिकिटावरील प्रवास पूर्ण झालेला असल्यामुळे रक्कम परत करता येणार नाही. आमच्यासोबत प्रवास केल्याबद्दल धन्यवाद." खाली एक ओळ. म्युनिक ते मुंबई. प्रवास केला.

मी आधी "प्रवास केला" दोनदा वाचलं. मग "मुंबई" वाचलं. त्याच्या पुढे नागपूर लिहिलेलं असेल म्हणून खाली सरकवलं. खाली काही नव्हतं.

तशीच उठून दुकानात गेले. श्रीधर गिऱ्हाइकाला पंप दाखवत होता. मी फोन त्याच्या नाकासमोर धरला. गिऱ्हाईक शहाणं होतं, नंतर येतो म्हणून निघून गेलं.

"नागपूर कुठी आहे?" मी विचारलं.

त्यानं वाचलं. मग काउंटरला धरून तो हळूहळू बोलायला लागला. नागपूरपर्यंत काढलं असतं तर देशातल्या विमानाचं शुल्क वेगळं लागलं असतं, माइल्सही वाढले असते. दुसऱ्या योजनेत मुंबईपर्यंतच स्वस्त पडत होतं. "मी म्हटलं, त्याले कायले पाहिजे पुढचं विमान? येईन आपला. जीवच त आहे. अन् नाहीतरी तो बसणार थोडाच होता..."

"अन् आम्हाले नागपूरले उभं केलं."

"आईले मुंबईले कसं नेलं असतं? खर्च..." एवढं म्हणून तो थांबला. मला त्याला पंप फेकून मारावासा वाटत होता.

त्यानं कंपनीला फोन लावला, आवाज मोठा करून. पलीकडची मुलगी गोड होती. तिनं सगळं तपासलं. हो सर, प्रवासी बसले होते. खिडकीची सीट. शाकाहारी जेवण सांगितलेलं, ते दिलेलं आहे. चूक? नाही सर, विमानाच्या दाराशी नोंद आहे आणि आत मोजणीही जुळते. मग तिनं विचारलं, "सर, आपण पंकजजीच बोलताय ना?" श्रीधरनं फोन ठेवला.

कॉम्प्युटरची चूक असेल. मी तेव्हाही हेच म्हटलं आणि आताही कुणी विचारलं तर हेच म्हणते. पण त्या दुकानात, भर दुपारी, माझ्या अंगावर काटा उभा होता. श्रीधर पाइपच्या बंडलावर मटकन बसला. "मी त्याले मधातच उतरवलं," तो म्हणाला, "कराचे पैसे वाचवाले."

आईला सांगायचं की नाही, यावर आम्ही वाद घातला नाही. तसेच सौसरला गेलो. मी सगळं सांगितलं. श्रीधर दाराशी मान खाली घालून उभा होता. आईनं दोनच गोष्टी विचारल्या.

"बसला होता?"

"हो म्हणते ते."

"जेवला?"

"हो आई."

ती रडायला लागली. पंकज गेल्यापासून मी तिला इतकं मोकळं रडताना पाहिलं नव्हतं. बराच वेळ रडली, मग एकदम पदर तोंडावरून काढून उभी राहिली आणि घाबऱ्या आवाजात म्हणाली, "म्हणजे गोटमारीपासून तो तिथीच उभा आहे! मुंबईत तो कोणाले ओळखते?"

श्रीधर तिच्या पायाशी वाकला. तो रडत होता. "उठा जवाईबापू," ती म्हणाली. "रडाचं मंग. अगुदर तिकीट काढा."

त्यानं सवयीनं फोन काढला, पॉइंटांचं पान उघडलं, आणि तसंच मिटलं. जाताना तीन आणि येताना चार, अशी रेल्वेची तिकिटं त्यानं पुऱ्या पैशानं काढली. चौथं नाव भरताना तो अडला. खालमानेनं विचारलं, "आई, वय किती टाकू?"

"होतं तेवढंच," आई म्हणाली.

मुंबईच्या विमानतळाबाहेर ही गर्दी. नावांच्या पाट्या धरलेले ड्रायव्हर, हार घेतलेली मंडळी, कठड्यावर ओणवी झालेली पोरं. दारातून माणसांचे लोंढे बाहेर येत होते. आईनं त्या दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. नारळ छातीशी धरून ती कडेकडेनं चालायला लागली, जिथं कुणी घ्यायला न आलेली माणसं उभी असतात तिथून. एकाचा फोन लागत नव्हता. एक म्हातारा बॅगेवर बसून पेंगत होता. आई प्रत्येकापाशी थांबायची, पाहायची आणि पुढे सरकायची. मी आणि श्रीधर मागे. मला तिला थांबवायचं होतं आणि थांबवायचं धाडस होत नव्हतं.

अगदी टोकाच्या खांबापाशी ती थांबली. तिथं कुणी नव्हतं. भिंतीला लावलेली एक रिकामी ढकलगाडी होती, बस. आई तिथं मान वर करून उभी राहिली. पंकज उंच होता, त्याच्याशी बोलताना तिला अशीच मान वर करावी लागायची. मग तिनं हात उचलला आणि हवेत, त्याचा गाल असायचा तेवढ्या उंचीवर, धरला.

"आम्ही नागपूरले उभे होतो रे बाबू," ती म्हणाली. "मले वाटलं, तुले यायचंच नोहोतं."